बेंड सेन्सर दोन्ही टोकांना चिकटवू नका

मा. संपादक,

गोव्यातल्या शिगमोच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांवर पोरं आता नुसती वायपर मोटर लावून हात वरखाली करत बसत नाहीत, आर्डुइनो म्हणजे कोडवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड लावतात, सेन्सर लावतात, बघून जीव सुखावतो. पण यंदा फोंड्याला एका चित्ररथावरच्या नागाची शेपटी मिरवणूक अर्ध्यावर असतानाच बंद पडली, पोरं रडवेली झालेली. मी फिटर माणूस, जाऊन बघितलं तर कोड एकदम बरोबर, शेपटी किती वाकली ते मोजणारा बेंड सेन्सर मात्र पिनांपाशी तुटलेला.

हा सेन्सर म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी, एका बाजूला वीज वाहणाऱ्या शाईचा थर, पट्टी वाकली की शाईतले कण एकमेकांपासून लांब जातात आणि रेझिस्टन्स वाढतो. साडेचार इंची पट्टी सरळ असताना साधारण १० किलोओहम दाखवते, १८० अंशात वाकवली की दुप्पट किंवा जास्त. पोरांनी ती डबल टेपने दोन्ही टोकांना घट्ट चिकटवलेली. शेपटी वाकली की बाहेरची बाजू लांब होते, प्लास्टिक काय ताणत नाही, मग सगळी ओढ पिनांवर, आणि तोच भाग सगळ्यात नाजूक. म्हणून फक्त पिनांकडचं टोक पक्कं धरायचं, खाली कडक प्लास्टिकचा तुकडा देऊन, म्हणजे बाक तिथपर्यंत पोचतच नाही, आणि बाकीची पट्टी रेग्झिनच्या सैल खोळीत सरकू द्यायची. शाईची बाजू बाहेर, कारण ही पट्टी एकाच दिशेचा बाक नीट मोजते, शेपटी दोन्हीकडे हलत असेल तर पाठीला पाठ लावून दोन पट्ट्या घ्या. वायरला थोडी ढील ठेवा. पिनांवर सोल्डरिंग गन जास्त वेळ धरू नका, प्लास्टिक वितळतं. आणि सरळ किती, पूर्ण वाकल्यावर किती हे रीडिंग पट्टी बसवल्यावरच घ्या, टेबलावरचे आकडे शेपटीवर चालत नाहीत.

दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या कोपरासारखी साधी बिजागरी असेल तर माझ्या मते हा सेन्सर लावूच नये, सगळा बाक एकाच रेषेवर येतो आणि शाईला चीर जाते. तिथे पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा खुंटीसारखा भाग, बरा. बोटं, शेपटी, सोंड, जिथे गोलाई आहे तिथे बेंड सेन्सर.

आपल्या शाळांत आता कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात, चांगली गोष्ट आहे, पण त्यात फिटिंगचा एक तास ठेवा, जवळच्या गॅरेजवाल्याला नाहीतर आयटीआयच्या सरांना बोलवा. नरकासुराची कामं सुरू व्हायच्या आधी हे पत्र छापलंत तर फार बरं होईल.

एक वाचक, फोंडा