गिऱ्हाईक दहा मिनिटं, कामगार दिवसभर

महोदय,

कराडजवळ महामार्गालगत आमचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे. गल्ल्यावर मी बसते. पाऊस लागला की बाहेर उभी राहणारी गिऱ्हाइकं आत येतात आणि चहा सांगता सांगता सिगारेट पेटवतात. हटकलं तर म्हणतात, "ताई, पंखा चालू आहे की, धूर जाईल." पंख्याने धूर जात नाही, या टेबलावरचा त्या टेबलावर जातो.

गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठतं. टेबल पुसणारा पोरगा आणि भांडी घासणारी बाई सकाळपासून त्याच हवेत असतात. आमच्याकडे कामाला येणारी एक मुलगी पोटुशी आहे. दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन कमी भरू शकतं. तिने तर आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही!

"आपण ओढत नाही, आपल्याला काय होतंय" हा समज खोटा असल्याचं 1981 मध्येच दिसलं होतं. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या नव्वद हजारांहून जास्त बायकांचा चौदा वर्षं पाठपुरावा केला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितकं बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. हृदयविकार आणि मुलांचा दमा हेही या धुराचेच परिणाम आहेत.

2 ऑक्टोबर 2008 पासून लागू असलेल्या नियमांनुसार हॉटेलात कोणी ओढणार नाही हे बघणं मालकाचं काम आहे. ॲशट्रे, आगपेटी, लायटर द्यायचं नाही. दारात फलक लावायचा आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही त्यावर लिहायचं. आम्ही ते केलं, माझंच नाव लिहिलं. दोन-चार जण रागावून गेले, बाकीचे बाहेर ओढून आत येतात. धंदा बसलेला नाही.

तीस किंवा जास्त आसनांच्या हॉटेलांना मात्र धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. ती काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या खोलीतले कप उचलायला, राख झाडायला कोणीतरी आत जातंच, आणि ते पोरगं "नाही जात" म्हणू शकत नाही.

हॉटेलांची तपासणी करताना अधिकारी स्वयंपाकघर, पाण्याची टाकी बघतात. त्याच फेरीत दारातला फलक आणि टेबलावरचा ॲशट्रेही बघावा, एवढी विनंती.

— एक हॉटेलचालक, कराड