लॅबमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचं अकाउंट द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या इथल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उबुंटू (विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टिम) आहे, चांगली गोष्ट, पण सगळी मुलं एकाच 'स्टुडंट' नावाने लॉगिन करतात आणि पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला, परवा माझ्या भाचीचा प्रोजेक्ट कुणीतरी डिलीट केला, कुणी ते कळायला मार्गच नाही, पोरगी रडून रडून थकली. सर म्हणाले, ६० अकाउंटं एकेक क्लिक करत कोण बनवणार?

अहो पण टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो अ‍ॅडयूजर' आणि पुढे मुलाचं नाव टाइप केलं, पासवर्ड दिला, की होम फोल्डरसकट (मुलाच्या स्वतःच्या फाइलींची जागा) अकाउंट तयार होतं. हजेरीपटातली नावं ठरलेल्या पद्धतीने एका फाइलमध्ये लिहून 'न्यूयूजर्स' कमांड दिली तर अख्खा वर्ग एका दमात! फक्त 'यूजरअ‍ॅड' ही वेगळी कमांड वापरलीत तर 'मायनस एम' (लहान अक्षरातला, -m) विसरू नका, नाहीतर उबुंटूवर होम फोल्डरच बनत नाही, माझी यात एक दुपार गेलीय. आणि 'चेज मायनस डी ० नाव' (chage -d 0) असं दिलं की पहिल्या लॉगिनलाच मुलाला पासवर्ड बदलावा लागतो. मुलांना सुडो ग्रुपमध्ये, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरवर पूर्ण अधिकार असलेल्या गटात, मात्र अजिबात टाकू नका.

कुठल्याही शाळेला हवं असेल तर मी रविवारी येऊन फुकट करून देईन.

आपला,
एक वाचक, जि. सातारा