मनू, पान्ह्याबद्दल

मनू बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की दत्तक बाळ घरी आलं की मी त्याला अंगावर पाजायचा प्रयत्न करणार, आणि मी गप्प बसले. फोन ठेवताना तुझा आवाज उतरला होता. अगं मला पटलं नाही म्हणून गप्प नव्हते, मला एकदम आजोळच्या आक्का आठवल्या. त्यांची जाऊ बाळंतपणात गेली तेव्हा आक्कांचं धाकटं पोर चार वर्षांचं, दूध कधीच आटलेलं, पण ते तान्हं रडायला लागलं की त्या छातीशी धरायच्या आणि काही आठवड्यांनी खरंच पान्हा फुटला. सगळे म्हणायचे अंबाबाईची कृपा.

तुझं तसं नाही, तुझं बाळंतपण झालेलंच नाही, म्हणून मी मुद्दाम आपल्या राजारामपुरीतल्या मुलांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, दूध तयार करायचा हुकूम गर्भाशयातून नाही, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो, प्रोलॅक्टिन म्हणतात त्याला, आणि बाळ ओढतं तेव्हा ते वाढतं. गरोदरपणात स्तनांची जी तयारी होते ती हार्मोनच्या गोळ्यांनी काही महिने करून घेतात, मग गोळ्या बंद आणि पंप सुरू, दिवसातून आठेक वेळा आणि रात्री उठून सुद्धा कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. थेंब दिसायलाच काही आठवडे जाऊ शकतात.

आता एक नीट ऐक. दूध वाढायला डॉमपेरिडॉन देतात, आपली उलटीची गोळी, ती मेडिकलमधून मनानं आणायची नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००४ सालीच याबद्दल इशारा दिलाय, म्हणून आधी ईसीजी, आणि बंद करताना पण एकदम नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू. हार्मोनच्या गोळ्यांआधी तुझ्या मायग्रेनचं त्यांना सांग, विसरू नको.

आणि पोटभर दूध बऱ्याच जणींना येत नाही, वरचं द्यावंच लागतं. तेही छातीशीच देता येतं गं, बारीक फीडिंग ट्यूब निप्पलजवळ चिकटवायची, दुसरं टोक वाटीतल्या दुधात, बाळाला वाटतं आईच पाजतेय आणि ओढल्यामुळे तुझंही वाढतं. आपल्या काळी बोंडलं होतं, हे मला फार आवडलं बघ. मात्र लघवीचे लंगोट आणि वजन बघत राहायचं, वरचं कमी करायची घाई नको.

एक गोष्ट मला टोचते ती सांगते. दत्तक द्यायला संस्थेकडे सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्या आईवडिलांना फेरविचाराला ६० दिवस असतात, ते योग्यच आहे, पण म्हणजे तुझ्या हातात बाळ येईल ते तोवर बाटलीला सवयलेलं. तोंड फिरवेल, रडेल. तेव्हा जबरदस्ती करू नको, नुसतं उघड्या छातीवर घेऊन झोप. नाहीच धरलं तरी ते ऊब घेत असतं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर बाबा तुला न्यायचे आठवतंय? अनोळखी हात लागला की म्हैस पान्हा चोरते. बाईचं पण तसंच, ताण आला की असलेलं दूध सुद्धा उतरत नाही, डॉक्टरांनी हे पण सांगितलं. म्हणून मी आत्याला आणि वहिनीला आत्ताच सांगून ठेवलंय, बाळ बघायला या, पण दूध येतंय का किती येतंय हे कुणी विचारायचं नाही. अळिवाचे लाडू करून आणते, त्यानं दूध वाढेलच असं मी म्हणत नाही, पण रात्री तीनला उठून पंप लावणाऱ्या बाईला भूक लागते.

पंपाचे भाग उकळायचं काम माझं. तुझं गोळ्यांचं सुरू झालं की कळव, बाबांची सोय लावून मी पुण्याला महिनाभर राहायलाच येते.

तुझी आई