सट्ट्यात फसलेल्या पोरांनी तक्रारीला घाबरू नये

संपादक साहेब,

एप्रिल-मे म्हणजे आमच्या देवगडात हापूसची काढणी, आणि आयपीएल पण तेव्हाच, वाशी बाजारातून पट्टी म्हणजे आंब्याच्या विक्रीचे पैसे आले की पोरांच्या हातात रोख पैसा असतो. गेल्या सीझनला माझ्या पुतण्याने त्यातले 38 हजार घालवले. जेवताना मोबाईल ताटाशेजारी उलटा ठेवायचा आणि ओव्हर संपली की उचलून बघायचा, आम्हाला वाटलं कुणा पोरीचं प्रकरण असेल!

आता अड्डा वगैरे काही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर, यूपीआयने पैसे टाकले की सट्टा लावायचा आयडी येतो. सेशन म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होतील यावरची पैज, त्याचा भाव समजा 6 ओव्हरला 46-48, म्हणजे 48 किंवा वर झाले तर येसवाला जिंकला, 46 च्या खाली राहिले तर नोवाला, आणि झाले 46 किंवा 47 तर दोघांचेही पैसे बुकीच्या खिशात. पुतण्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. शिवाय एकाच बाजूला जास्त पैसे लागले की बुकी वरच्या बुकीकडे कटिंग करून, म्हणजे जास्तीची पैज त्याच्याकडे सरकवून मोकळा, बुडतो तो आपला पोरगा.

लोक गप्प बसतात कारण आपल्याकडचा 1887 चा जुगारबंदी कायदा, त्यात अड्ड्यावर सापडला तर खेळणारा पण आत जातो. पण ऑनलाईनचा नवीन कायदा वेगळा आहे, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षाच ठेवलेली नाही. हे आमच्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

आणि उधारीच्या आयडीवर हरलेल्या पैशासाठी जी माणसं दारात येऊन आई-बापाला दमदाटी करतात ना, त्यांना कोर्टात जाऊन ते वसूल करता येत नाहीत, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल. त्यासाठी आंब्याची कलमं गहाण टाकू नका हो, सरळ पोलिसात जा, आयडीच्या नावाने फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पोलिसांना विनंती आहे, पुढच्या सीझनच्या आधी प्रत्येक पॅकिंग शेडवर आणि एसटी स्टँडवर हे मराठीत मोठ्या अक्षरात लावा.

– एक आंबा बागायतदार, देवगड