आकडीची गोळी आणि मेंदूतली गाठ

महोदय,

'फिटची गोळी मेंदूतली गाठ विरघळवते' असा संदेश आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा फिरला. माझ्या मेहुण्याला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ आहे. त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचा डबा धाकटी बहीण भरते. तिचा लगेच फोन, "दादा, एक गोळी वाढवू का रे?" म्हणून हे पत्र.

संदेश अगदीच हवेतला नाही. व्हॅल्प्रोएट हे आकडीवरचं जुनं औषध पेशींतल्या हिस्टोन डीॲसिटिलेज या विकरांना अडवतं आणि प्रयोगशाळेतल्या बशीत गाठीच्या पेशींची वाढ मंदावते. लेव्हेटिरॅसिटॅम या आकडीवरच्या दुसऱ्या औषधामुळे त्या पेशींवर टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध अधिक लागू पडतं, असंही बशीत दिसलं. पण बशी म्हणजे माणूस नव्हे. २०१६मध्ये चार चाचण्यांतल्या १,८६९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा या दोन्ही औषधांनी आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २०१९मध्ये तर चेतापेशी गाठीच्या पेशींशी चक्क जोडण्या करतात हे कळलं. त्या जोडण्यांतले संदेश अडवणारं पेरॅम्पॅनेल हे आकडीचंच औषध दिल्यावर गाठीची वाढ कमी झाली. उंदरांत!

आकडी थांबवणं हे या गोळीचं काम, आणि ज्या घराने आकडी पाहिली आहे त्याला ते लहान वाटणार नाही. व्हॅल्प्रोएट जास्त झालं तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटू शकतात, केमोनेही घटतात. हे मात्र त्या संदेशात कुठेच नव्हतं. बहिणीला म्हटलं, डबा आहे तसाच राहू दे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

– एक वाचक, सातारा