सहलीच्या सूचनापत्रकात व्होल्टेजलाही जागा हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चेरीच्या बहराच्या निमित्ताने जपानच्या सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज दिसत आहेत. अशाच एका सहलीला आम्ही उभयता गेल्या वर्षी जाऊन आलो. निघण्यापूर्वी मिळालेल्या बारा पानी मराठी सूचनापत्रकात गरम कपडे, जैन जेवण, विमानात जवळ बाळगायच्या द्रव पदार्थांची १०० मिलीलीटरची मर्यादा, इतकेच काय, भडंगाची पाकिटे कोणत्या बॅगेत ठेवावीत इथपर्यंत सारे होते. मात्र साबण-शाम्पूपासून कुकरपर्यंत जी खरेदी तिकडे गेल्यावर जवळपास प्रत्येक जण करतोच, तिच्याविषयी त्यात एक ओळही नव्हती.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. टोकियोतील अकिहाबारा या विजेच्या वस्तूंच्या बाजारात मी ६५० वॅटचा, दोघांपुरता भात शिजेल असा कुकर घेतला. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, हे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या मला ठाऊक नव्हते असे नाही. पण सवलतीची चिठ्ठी पाहिल्यावर ते आठवले नाही. सांगलीला आल्यावर कुकरच्या दोन चपट्या पिना भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसेनात, म्हणून कोणत्याही देशाच्या पिना सामावून घेणाऱ्या मल्टिप्लगमध्ये त्या खोचल्या आणि बटण दाबले. मिनिटभरात जळक्या प्लास्टिकचा वास आला, आतून ‘टक्’ असा आवाज झाला आणि कुकर कायमचा गप्प झाला. तांदूळ पाण्यात तसेच.

अशा उपकरणातील तापणाऱ्या तारेचा रोध फारसा बदलत नसल्यामुळे तिने घेतलेली शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १०० ऐवजी २३० व्होल्ट मिळताच ती सव्वापाच पटींच्याही किंचित वर जाते आणि ६५० वॅटचा कुकर सुमारे ३,४०० वॅट ओढू लागतो. (हा हिशेब मी फळ्यावर किती वेळा मांडला असेल!) आतला फ्यूज वितळला म्हणून आमच्या ओट्यावर आग लागली नाही. उलट आपल्याकडचा १,००० वॅटचा हेअर ड्रायर तिकडे लावला, तर त्यातून २०० वॅटही मिळत नाहीत आणि नुसता कोमट वारा येतो. आमच्या गटातील एका भगिनींनी त्याबद्दल हॉटेलच्या विजेला बोल लावला होता.

खरा घोटाळा होतो तो ‘ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर’ या वस्तूमुळे. हा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवून देतो, व्होल्टेज तसूभरही बदलत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणून तो कुठेही चालतो. आणि तो चालला की बाकीचेही सारे चालेल असा आपला समज होतो. कुकर, इस्त्री, किटली, ड्रायर यांवर बहुधा एकच आकडा असतो आणि खरेदीपूर्वी तोच वाचायला हवा. अकिहाबाऱ्यातील काही दुकानांत परदेशी ग्राहकांसाठी २२० ते २३० व्होल्टची मॉडेल वेगळी मांडलेली असतात. ती महाग असतात म्हणून मी तिकडे वळलो नाही, आणि जपानमधली हमी सहसा जपानपुरतीच असते, हे मला नंतर कळले.

स्नानाच्या वस्तूंचे प्रकरण एवढे धोक्याचे नाही, पण खर्चाचे आहे. पहिल्या रात्री खोलीत दात घासायचा ब्रश दिसला नाही, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन विकत आणले. सकाळी पाहतो तो स्वागतकक्षाजवळच्या टोपलीत ब्रश, कंगवे, रेझर भरून ठेवलेले! प्लास्टिकचा वापर कमी करण्याचा कायदा तिथे एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर अनेक हॉटेलांनी या वस्तू खोलीतून काढून खाली ठेवल्या आहेत. शाम्पू म्हणून आणलेल्या बाटलीला तर कितीही चोळले तरी फेस येईना. ते कंडिशनर निघाले. लेबल जपानीत असल्यामुळे फसलो म्हणावे, तर तिथल्या शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बोटांना लागतील अशा आडव्या खाचा असतात आणि कंडिशनरच्या बाटलीला त्या नसतात. अंधांना बाटली ओळखता यावी म्हणून ‘काओ’ या कंपनीने १९९१ मध्ये ही सोय सुरू केली आणि पुढे इतरांनीही ती उचलली. जपानी न येणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तिचा तेवढाच उपयोग आहे, फक्त कोणीतरी आधी सांगायला हवे. (मुळात इंग्रजीत ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चंपी’च्या घराण्यातूनच गेला, आणि आम्हाला तो बाटलीवर ओळखता येऊ नये!)

करमाफीचेही असेच आहे. पासपोर्ट दाखवून एका दुकानात किमान ५,००० येनची खरेदी केली, की १० टक्के उपभोग कर माफ होतो. मात्र साबण, शाम्पू, टूथपेस्ट अशा संपणाऱ्या वस्तू मोहोरबंद पिशवीत मिळतात आणि देश सोडेपर्यंत ती पिशवी फोडायची नसते. प्रवासात वापरायला म्हणून घेतलेली टूथपेस्ट मग वापरता येत नाही. त्यात १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी पूर्ण रक्कम भरून निघताना कर परत घेण्याची पद्धत तिथे ठरलेली आहे, म्हणजे विमानतळावर त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागेल.

सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे, की सूचनापत्रकातील एक पान यासाठी द्यावे. ज्या देशात जायचे तिथले व्होल्टेज (जपान १००, अमेरिका १२०, ब्रिटन आणि सिंगापूर २३०), पिनांचे चित्र, हॉटेलात काय मिळते आणि करमाफीचा नियम, इतके त्यात आले तरी पुष्कळ झाले. तुळजाभवानीला जाताना काय न्यावे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. टोकियोला जाताना सांगावे लागते. आपल्या पर्यटन पुरवणीनेही प्रत्येक देशाच्या लेखाखाली अशी एक चौकट छापावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली