यंडुगुंडूचं नाव काय गं?

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

माधे,

आठ महिने पत्र नाही, घाल शिव्या. गुडघे आहेत तसेच, साखर आटोक्यात. लिहायला बसले ते भलत्याच कारणाने.

परवा तिसरीच्या पोरांना ‘द नेम जार’ वाचून दाखवलं. यांगसूक चोई यांचं, २००१ सालचं. कोरियाहून आलेल्या युन-हेच्या नावाची बसमध्ये पोरं टर उडवतात, म्हणून वर्गात ती सांगते, माझं नाव अजून ठरलं नाही. मग वर्गातली पोरं बरणीत चिठ्ठ्या टाकतात, तिच्यासाठी नावं! आजीने दिलेला नावाचा लाकडी शिक्का असतो तिच्याजवळ. प्रशिक्षणात आम्हाला बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप बाईंचं १९९० सालचं म्हणणं घोकायला लावतात: पुस्तक मुलांना आरसाही हवं, स्वतःला बघायला, आणि खिडकीही, दुसऱ्यांचं जग बघायला. आमच्याकडे खिडकी म्हणजे दिवाळीला समोसे वाटायचे, की झाली विविधता.

वाचून संपलं आणि ग्वातेमालाहून आलेला पोरगा विचारतो, “मिस जो, तुमचं खरं नाव काय?” एकोणीस वर्षं मी इथे ‘जो’. फळ्यावर लिहिलं. सगळ्यांची जीभ ‘त्स्न’पाशी अडखळली. एक तेलुगू चिमुरडी मात्र एका दमात म्हणाली, तिच्या मावशीचं तेच नाव. आपल्या बाईंना तरी कुठे जमलं? हजेरीपटावर शेवटपर्यंत ‘ज्योस्ना’!

आणि मला विजापूरची ती आठवली. सातवीतली. ‘पाणी आली’ म्हणायची आणि आपण बाकं बडवायचो. ‘यंडुगुंडू’ नाव तू ठेवलंस की मी, यावरून दहावीत आठवडाभर अबोला होता आपला. मी अजून म्हणते, तूच. पण हसायला पुढे मीच. डबा बाहेर पायरीवर बसून खायची ती. तिच्या कडक भाकरीला आपण पापड म्हणायचो. तीच भाकरी मी आता इथे पाकिटातून विकत आणते.

रात्रभर तिचं खरं नाव आठवत बसले. नाही आलं. आडनावही नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, लहान होतात. तू तसं म्हणू नकोस.

सोनूच्या साखरपुड्याला आले नाही, रागावलीस ना? अहेर पाठवलाय. नव्या फ्लॅटला पाणी येतं का? (आली का?)

सोमवारी पोरं आपापल्या नावाची गोष्ट लिहून आणणार आहेत, मीही आणायची असा त्यांचा हट्ट. सातवीचा फोटो तुझ्याकडे आहे, मागे काकूंनी सगळ्यांची नावं लिहिली होती. दुसरी रांग, डावीकडे टोकाला, लाल रिबिनी. बघ आणि फोन कर, इथे कितीही वाजलेले असोत.

तुझी
ज्योत्स्ना